बसवनगुडीचा अरबी समुद्र

मित्रांनो, मी एक जुनं घंगाळ आहे. तांब्याचं, दोन्ही बाजूंना जाड कड्या असलेलं, आणि काही काळ अरबी समुद्र म्हणून नोकरी केलेलं. बंगळुरात समुद्र कुठून आला, असं तुमच्या मनात आलं ना? शेषगिरीरावांच्याही आलं होतं. सांगतो, स्वल्प दम धरा.

माझा जन्म चिकपेटेतल्या एका तांबटाच्या हातून झाला. तो मला ठोकायला बसला की आवाज म्हैसूरपर्यंत जायचा आणि तिथला एक हत्ती त्या ठेक्यावर डोलायचा. खोटं वाटत असेल तर त्या हत्तीलाच विचारा. पुढे मी बसवनगुडीत कृष्णाबाईंच्या न्हाणीघरात आलो. त्या घरात मराठी चालायची, दारात कानडी, आणि उंबऱ्यावर दोन्हींची खिचडी.

कृष्णाबाईंचा हात बाळं न्हाऊ घालण्यात असा की गल्लीतलं एकही पोर त्यांच्या पायांवर पालथं पडल्याशिवाय मोठं झालं नाही. त्यांचा भाचा रत्नाकर माझ्यातल्या पाण्याने न्हाला, आणि पन्नास सालाच्या सुमारास त्यांची नात अहल्याही. कोमट पाणी, शिकेकाई, मऊ पंच्याने टिपणं, आणि शेवटी टाळू भरणं. एरंडेलात बोटं बुडवून बाळाच्या टाळूवर थापायची, हाताला उरलेलं पाठीपोटाला पुसायचं. मग बाळ असं झोपायचं की एकदा एक बाळ थेट मुंजीलाच उठलं म्हणतात.

ते दिवस माझ्या वैभवाचे होते. नंतर घरात बॉयलर आला, निळी प्लास्टिकची बादली आली, आणि माझी रवानगी परसात कढीपत्त्याखाली झाली. माझ्यात शेंगांची टरफलं साठू लागली. मित्रांनो, ज्याने राजासारखी बाळं न्हाऊ घातली त्याच्यात टरफलं टाकली की तांबं काळं पडतं. ते दुःखाने पडतं. हवेने पडतं असं शाळेत शिकवतात, तिकडे लक्ष देऊ नका.

सदुसष्ट साली रत्नाकर जहाजावरची नोकरी सोडून परत आला. त्याच वर्षी विलायतेच्या किनाऱ्यावर तेलाचं एक अवाढव्य जहाज खडकावर फुटलं होतं. मैलोगणती पाणी काळं झालं, हजारो पक्षी तेलात माखून मेले. रत्नाकर म्हणाला, "उद्या हे आपल्या कारवारला झालं तर? तिथल्या कोळ्यांनी जाळी सांभाळायची की किनारा? शिकलेली माणसं तयार पाहिजेत."

"तयार करा की," शेषगिरीराव म्हणाले. हे आमच्या गल्लीच्या सेवा मंडळाचे अध्यक्ष. डोक्यावर केस नव्हते, त्यामुळे कपाळाला आठ्या घालायला भरपूर जागा. "फक्त एक सांगा. बंगळुरात समुद्र कुठं आहे?"

रत्नाकरने परसात येऊन मला पालथं केलं, टरफलं झटकली आणि पाण्याने भरलं. "हा इथं."

असा मी समुद्र झालो. माझी उजवी कडी कारवार, डावी कडी एडन. अहल्या तेव्हा कॉलेजात होती. ती आणि तिच्या मैत्रिणी माझ्याभोवती बसत. रत्नाकर कागदाची होडी बुडवून गॅरेजचं जळकं तेल सोडायचा. मुली पेंढ्याच्या वेणीने तेलाला वेढा घालायच्या, वरून सुका पेंढा टाकायच्या आणि तेल प्यायलेला पेंढा चाळणीने उचलायच्या. मीही मागे राहिलो नाही. वादळ हवं असलं की स्वतःच डुगडुगत होतो. एकदा इतकी मोठी लाट काढली की एडनच्या बाजूची मुलगी कारवारला जाऊन पडली.

पण परीक्षा पक्ष्याची होती. शेषगिरीराव म्हणाले होते, "तेलात माखलेलं पाखरू धुऊन केंपांबुधी तळ्यात पोहवून दाखवा. मग तुमच्या पथकाला कारवारला जायची परवानगी. नाही पोहलं, तर हे खूळ बंद." अहल्याने ते मनावर घेतलं. तिला कारवारला जायचंच होतं.

तळ्याकाठच्या शिवाप्पाने आपलं बदक दिलं. नाव गुंडू, आणि तो खरंच गोल होता. अट एकच, तो बुडता कामा नये.

"बदक? माझ्या घंगाळात?" कृष्णाबाई म्हणाल्या.

"अज्जी, बाळच समज," अहल्या म्हणाली.

कृष्णाबाईंनी गुंडूकडे पाहिलं. गुंडूने त्यांच्याकडे. "नाक स्वल्प चपटं आहे," त्या म्हणाल्या आणि पदर खोचून बसल्या.

गुंडूला शेंगदाण्याचं तेल लावायचं. जळकं तेल त्या बिचाऱ्याला कशाला. मग कोमट पाण्यात रिठ्याने धुवायचं, स्वच्छ पाण्यातून काढायचं, टिपून उन्हात वाळवायचं. कृष्णाबाईंचा हात इतका हलका की गुंडू डोळे मिटून घ्यायचा. पण तळ्यात सोडला की थोड्या वेळाने त्याचा मागचा भाग खाली जायला लागायचा, पिसं भिजायची, आणि तो कुडकुडत काठाला यायचा. असं पुन्हा पुन्हा झालं.

रत्नाकर समजावायचा, "पिसं कौलांसारखी एकावर एक बसलेली असतात. त्यांत तेल राहिलं की पाणी आत शिरतं. तेल राहतंय. पण कुठून?" त्याने रिठे बदलले, पाणी बदललं. शेवटी त्याची नजर माझ्याकडे वळली. "आत्या, या घंगाळातच जुनं तेल मुरलंय."

"त्यात न्हाऊनच तू एवढा झालास," कृष्णाबाई म्हणाल्या. तरी मला चिंच आणि राख लावून असं घासलं की माझ्यात तोंड बघून शेजारच्याने दाढी केली. मित्रांनो, निरपराध्याला शिक्षा झाली. मला खरं कारण माहीत होतं. माझ्यासमोर रोज घडत होतं, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. पण घंगाळाला बोलता येतं कुठे? आता बोलतोय तो भाग वेगळा.

परीक्षेच्या रविवारी मला हातगाडीवर घालून तळ्यावर नेलं. गुंडू न्हाला, टिपला, वाळला. तळ्यात सोडला, आणि हळूहळू त्याची शेपटी खाली गेली. शिवाप्पाने उडी मारून त्याला बाहेर काढलं आणि छातीशी धरलं. "सरी, ठीक आहे," शेषगिरीराव छत्री उचलत म्हणाले, "झालं. संपलं."

"एकदा परत, सर," अहल्या म्हणाली.

"कृती तरी धड येते का? म्हणून दाखव. समुद्रावर मी नसणार आठवण करून द्यायला," शेषगिरीराव म्हणाले.

अहल्या म्हणू लागली. "कोमट पाणी. रिठ्याचा फेस, मानेपासून शेपटीपर्यंत. मग स्वच्छ पाणी, पिसांवरून थेंब मण्यांसारखे ओघळेपर्यंत. मग टिपणं, मग अज्जी टाळू भरते, मग..." ती थांबली.

"मग काय करते?"

"टाळू भरते," अहल्या हळूच म्हणाली.

रत्नाकरने वळून पाहिलं. "आत्या, कशाने?"

"एरंडेलाने. दुसऱ्या कशाने भरतात का?" कृष्णाबाई म्हणाल्या. "लहान जीव आहे म्हणून स्वल्पच. उरलेलं पाठीला पुसते."

रत्नाकर मटकन पायरीवर बसला. "मी रोज शेजारी उभा होतो."

"मग बोलला का नाहीस?"

"दिसलंच नाही गं."

कसं दिसणार? त्या काठावरच्या प्रत्येकाची टाळू त्याच हाताने किंवा तशाच हाताने भरलेली. जे रोजचं असतं ते डोळ्यांना टोचत नाही. कृष्णाबाई आपल्या बोटांकडे बघत राहिल्या. मग त्यांनी गुंडूला शिवाप्पाच्या हातून घेतलं.

"माझं जेवण थांबलंय," शेषगिरीराव म्हणाले.

"जेवणाला पाय नाहीत. थांबा. आणि ही तेलाची वाटी धरा, माझ्या हाताला लागेल अशी ठेवू नका."

अध्यक्ष पाठीमागे वाटी लपवून उभे राहिले. गुंडू पुन्हा माझ्यात न्हाला. टिपून झालं आणि कृष्णाबाईंचा उजवा हात आपोआप बाजूला गेला, रिकाम्या हवेत चाचपडला आणि मांडीवर परत आला. त्यांनी तो पदरात गुंडाळून घेतला. सगळे उन्हात बसून राहिले. शेषगिरीरावांनी छत्री कृष्णाबाईंवर धरली, आणि जेवणाचं नाव काढलं नाही.

गुंडू पाण्यात उतरला. शेपटी वर राहिली. तो मधोमध गेला, पलीकडे गेला, आणि शिवाप्पाने कितीही हाका मारल्या तरी संध्याकाळपर्यंत परत आला नाही. बसवनगुडीत अजून म्हणतात की तो त्या दिवशी मंगळूरला जाऊन आला. मी म्हणतो, एडनला.

पुढच्या पावसाळ्याआधी कारवारजवळच्या एका वाडीत खरंच काळं तेल किनाऱ्याला लागलं. पथक बसने निघालं, मी टपावर. वाळूत मला टेकवलं तेव्हा खऱ्या समुद्राची आणि माझी पहिली भेट झाली. तो माझ्यापेक्षा थोडा मोठा निघाला, पण शिस्त कमी. एक लाट येऊन माझ्या बुडाला शिवून गेली. दोन समुद्र एकमेकांना भेटतात ते असे.

अहल्या पेंढ्याचा वेढा सांभाळत होती. तिने एक काळंठिक्कर पाखरू आणून कृष्णाबाईंच्या पायांवर ठेवलं. त्यांनी ते धुतलं, पुन्हा धुतलं, टिपलं. आत पांढरंशुभ्र होतं. मग त्यांनी आपलं कोरडं बोट त्याच्या टाळूवर नुसतं टेकवलं आणि उचललं. तेलाची वाटी त्या शेषगिरीरावांकडेच ठेवून आल्या होत्या. ऊन खाऊन झाल्यावर ते पाखरू उठलं, लाटेवर बसलं आणि लाटेबरोबर वरखाली होत राहिलं.

आता मी पुन्हा परसात आहे, कढीपत्त्याखाली. म्हणून मित्रांनो, एवढंच मागणं आहे. ज्याला जपायचं त्याला काय हवं ते आधी बघा, आपल्या हाताला काय सवय आहे ते नंतर. आणि कृपा करून माझ्यात टरफलं टाकू नका. समुद्राची गरज कधी पडेल, सांगता येत नाही.