ऑर्गनवरचा ट्रकचा आरसा

मित्रांनो, मी आरसा आहे, आणि गेली कित्येक वर्षं माझ्यात कुणी भांग पाडलेला नाही. माझी मुख्य तक्रार हीच.

त्याआधी मी बिअरची पिंपं वाहणाऱ्या ट्रकच्या कानाशी लटकत होतो. ड्रायव्हर दर सिग्नलला माझ्यात बघून मिशा सारख्या करायचा. ट्रक भंगारात गेला, तेव्हा आमच्या मोराव्हियातल्या गावच्या चर्चचे सेवेकरी शेबेस्ता यांनी मला उचललं आणि माडीवरच्या ऑर्गनला तारेने बांधलं. ऑर्गन वाजवणाऱ्याची पाठ वेदीकडे असते. फादर कुठवर आले, हे त्याला आरशातूनच कळतं.

"नीट बस," शेबेस्ता मला म्हणाले. "इथे बिअर मिळत नाही."

वाजवायला द्रहोमिराबाई होत्या, तेव्हा जेमतेम चोविशीच्या. आठवडाभर सरकारी संगीतशाळेत शिकवायच्या आणि रविवारी गुपचूप चर्चच्या प्रार्थनाविधीला, म्हणजे मिस्साला, ऑर्गन वाजवायच्या. त्या काळच्या कम्युनिस्ट सरकारला देव चालत नसे आणि देवाकडे जाणारे शिक्षक तर मुळीच नाही. म्हणून बाईंचा एक डोळा सतत माझ्यावर. दारात शाळा तपासनीस दिसला की त्या मागच्या जिन्याने पसार. उरलेलं स्तोत्र शेबेस्ता एका बोटाने संपवायचे. लोक ते प्रायश्चित्त समजून ऐकून घ्यायचे.

मित्रांनो, एक देखणी बाई सहा वर्षं मिनिटाला दहादा माझ्यात बघत होती, पण स्वतःला एकदाही नाही. बघायची ते दार, फादर आणि तो तपासनीस. आणि कौतुक कुणाचं? ऑर्गनच्या नळ्यांचं! मिस्सा संपली की लोक माना वर करून म्हणायचे, "काय घुमतात हो नळ्या!" मी आतल्या आत जळायचो.

एका रविवारी सगळ्यात जाड नळी घुमली, माझी तार सैल झाली आणि मी कलंडलो. सावरता आलं असतं. नाही सावरलो. म्हटलं, आज नळ्यांनाच विचार, दारात कोण आहे ते. बाईंना माझ्यात नुसतं छत दिसत राहिलं. तपासनीस माडीवर येऊन उभा राहिला, तेव्हा बाईंचे दोन्ही हात वरच्या पट्ट्यांवर आणि दोन्ही पाय खालच्या पट्ट्यांवर होते.

पुढच्याच महिन्यात त्या ऑस्ट्रियातल्या एका मोठ्या स्पर्धेला जाणार होत्या. पासपोर्ट नाकारला गेला. सरकार बदललं तेव्हा बाई अडतीस वर्षांच्या होत्या आणि स्पर्धेला वयाची अट पस्तिशीची होती. पुढे त्यांनी देशभर मैफली केल्या, कित्येकांना शिकवून मोठं केलं. मला मात्र त्या कधी एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यांची शेवटची शिष्या वेंदुला. ती नेमकी तीच स्पर्धा जिंकून आली. गावाने तिची मैफल ठेवली. वाजवणारीच्या शेजारी उभं राहून सुरांच्या खुंट्या ओढायला कुणीतरी लागतं; ज्या वाद्याची खुंटी ओढाल, त्याचा आवाज ऑर्गनमधून निघतो. वेंदुला म्हणाली, "बाई, तुम्हीच हव्यात."

"शिष्या बसणार आणि गुरू उभी?" शेबेस्तांनी टोमणा मारला.

"तुम्ही एका बोटाने वाजवत होतात तेव्हाही मी उभीच होते, शेबेस्ता. जिन्यात."

चर्च भरलं होतं. मैफलीत हळुवार जागा आली. तिथे बासरीची खुंटी ओढायची होती, आणि तिच्या शेजारीच तुतारीची. बाईंचा हात तुतारीवर गेला. चुकून नव्हे. चाळीस वर्षं शिकवणारा हात शेजारच्या खुंटीवर चुकून जात नाही. एक हिसका, की त्या शांततेत तुतारी किंचाळणार आणि गाव म्हणणार, पोरगी गडबडली.

मित्रांनो, त्या क्षणी बाई मला फार जवळच्या वाटल्या. माझ्यासारखं दुसरंही कुणी होतं.

तेवढ्यात जाड नळी घुमली. माझी तार सैल झाली. याही वेळी सावरता आलं असतं. मी सरळ उजवीकडे वळलो, बाईंकडे.

बाईंनी सवयीने माझ्यात पाहिलं. दार नव्हतं, फादर नव्हते. होता एक चेहरा. ओठ आवळलेले, डोळे बारीक केलेले. तो चेहरा ओळखायला त्यांना वेळ लागला नाही. सहा वर्षं त्या माझ्यात तोच तर शोधत होत्या, तपासनीसाचा.

हात सरकला. बासरी वाजली.

टाळ्या थांबल्यावर वेंदुला हळूच म्हणाली, "बाई, बासरी दोन ठोके उशिरा आली."

"आली ना?" बाई म्हणाल्या. "मग झालं. तू फार सुरेख वाजवलंस, बाळ."

शेबेस्ता पक्कड घेऊन आले. "आता याच्या जागी कॅमेरा बसणार आहे. हा भंगारात टाकतो. नाहीतरी सारखा मान टाकतो."

बाईंनी रुमाल काढला आणि मला काठापर्यंत पुसलं. मग माझ्यात बघून कानामागची पांढरी बट सारखी केली.

"राहू दे त्याला. आणि तार आवळू नका."

तेव्हा मित्रांनो, घरातला आरसा पुसत जा. कधी तो नको तिकडे वळला, तर लगेच सरळ करू नका. आधी त्यात कोण दिसतंय, तेवढं बघून घ्या.