अळीचा मधला तुकडा

मी मधला. तीन चौकटींतला मधला, म्हणजे एका अळीचं पोट. डावीकडे डोकं, उजवीकडे शेपूट आणि मधे मी, असं जन्मतःच ठरलं होतं.

माझा जन्म लिंबाच्या कुंडीपाशी झाला. शिंप्याची मुलगी दूरदेशी फोटोग्राफी शिकून परतली होती. तासभर पालथी पडून तिने नखाएवढ्या अळीचा फोटो काढला, सहा फूट लांब छापला आणि तीन चौकटींत बसवला. मधे चार-चार बोटांची फट ठेवायची होती. "फट असली की डोळा आपणहून जोडून घेतो," असं ती म्हणे. तिचा त्यावर फार विश्वास होता.

तिला खरं तर तीन भाऊ जोडायचे होते. शिंपी, त्याचा थोरला भाऊ आणि धाकटा भाऊ एकाच घरात दोन भिंती घालून राहत. नऊ वर्षं अबोला होता. भांडण शिडीवरून. शेवटी शिडी करवतीने कापून तीन-तीन पायऱ्या वाटून घेतल्या. आता कुणाचाच हात कशाला पोचत नव्हता, पण वाटणी चोख झाली होती.

तिने आम्हाला समाईक व्हरांड्यात भिंतीशी उभं केलं. "हे तिघांचं आहे," म्हणाली. तिथंच चुकलं. शिंपी टेप घेऊनच उठला.

"दोन-दोन फूट. कुणाची तक्रार नको."

"बाबा, ते एक चित्र आहे."

"एकच आहे म्हणून तर वाटायचं."

डोकं थोरल्याकडे गेलं, शेपूट धाकट्याकडे. मी शिलाई मशीनवर टांगला गेलो. पोरगी दोन दिवस नीट जेवली नाही.

मापं द्यायला आलेली माणसं माझ्याकडे बघत. "काकडी का हो?"

"अळी आहे."

"मग डोकं?"

"शेजारी, थोरल्याकडे."

गिऱ्हाईक शेजारी जाऊन डोकं बघून येई आणि सांगे, "थोरल्यांना खोकला झालाय." होता होता शिंपीच विचारू लागला, "डोकं बरंय ना?" धाकट्याकडून निरोप येई, "शेपूट मजेत आहे."

एक दिवस कुणीतरी सांगितलं, "तिकडचं डोकं उतरवलंय."

शिंपी अर्धी विजार मशीनवर टाकून उठला. पलीकडून आवाज माझ्यापर्यंत येत होते.

"दादा, डोकं का उतरवलंस?"

"पडल्या पडल्या दिसत नव्हतं, उशाशी घेतलं. तू आपलं पोट सांभाळ."

"सांभाळतोच आहे. ताप किती आहे तुला?"

तेवढ्यात धाकटा आला. "नऊ वर्षांनी भांडताय, आणि मला बोलावलं नाही?"

ताप उतरल्यावर शिडीचे तीन तुकडे चिंध्यांनी बांधून त्यांनी आम्हाला व्हरांड्यात लावलं. थोरला म्हणाला, मान मधल्या जागेचा. धाकटा म्हणाला, शेपूट म्हणून शेवटी का? त्यामुळे आता आधी शेपूट, मग डोकं आणि शेवटी मी, पोट. फटी मात्र बरोबर चार बोटांच्या आहेत. टेप शिंप्याचा.

रोज संध्याकाळी तिघं समोर बसून क्रम कुणामुळे चुकला यावर वाद घालतात. पोरगी चहा आणून देते.

तुम्ही आलात, तर तुम्हाला बरोबर क्रम लगेच कळेल. कृपा करून सांगू नका.