बोंगनेबाईंच्या गोळ्या

१९६८ साली वडील बोसोंग गावातल्या आमच्या चर्चचे पाळक होते आणि मी चौदा वर्षांची. दर शनिवारी शाळेतले मा मास्तर बाडुकचा, काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांचा, डाव मांडायला येत. देवाधर्माशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं.

"पाळकसाहेब, पुरावा आणा," असं ते म्हणायचे. वडिलांकडे एकच हुकमी पुरावा होता, बोंगनेबाई. क्षयानं रक्त पडत असताना या विधवेनं चाळीस दिवस पहाटेची प्रार्थना केली आणि ती बरी झाली. वडिलांनी त्यावर पुस्तिका लिहिली. ती चर्चच्या मंडळातल्या वडीलधाऱ्यांना पसंत पडली, तर आमची ग्वांगजूच्या मोठ्या चर्चमध्ये बदली होणार होती. आईनं भांडी बांधायलाही घेतली होती.

हिवाळ्याची किमची, म्हणजे कोबीचं लोणचं, घालायला चर्चच्या बायका बोंगनेबाईंच्या अंगणात जमल्या. मी धुवायला एक रिकामं मडकं उपडं केलं, तर आतून आरोग्य केंद्रातल्या क्षयाच्या गोळ्यांची पाकिटं पडली.

"गप्प बस गं पोरी," बाई कुजबुजल्या. "औषध घेतलं म्हणजे विश्वास कच्चा, असं म्हणतील ना सगळे!"

माझ्या पोटात कुठलं राहतंय? वडिलांना सांगितलं.

"प्रार्थना केलीच ना तिनं?" आई म्हणाली. "मग खोटं काय लिहिलंत?"

"अर्धंच लिहिलंय. आता ते मला माहीत झालंय."

ते बाईंकडे जाऊन बोलून आले. रविवारी व्यासपीठावरून त्यांनी गोळ्यांचं सांगितलं आणि पुस्तिका मागे घेतली. तेवढ्यात बोंगनेबाई उठल्या. "प्रत्येक गोळी गिळताना मी प्रार्थनाच करत होते, तेही सांगा की!"

सगळे खो खो हसले. वडीलसुद्धा.

शनिवारी मा मास्तर म्हणाले, "आता काय उरलं तुमच्याकडे?"

"विश्वास आहे. पुरावा नाही."

"अहो, मग मी भांडू कशाशी?"

"शोधा काहीतरी. आणि चाल खेळा आधी."

बदली झाली नाही. वडील बोसोंगलाच एकोणीस वर्षं पाळक राहिले आणि तिथेच वारले. मा मास्तर कधी चर्चमध्ये आले नाहीत, पण वडिलांच्या शवपेटीला पहिला खांदा त्यांनी दिला. बोंगनेबाई त्र्याऐंशी वर्षं जगल्या. मी लग्न होऊन सुनचोनला आले. प्रार्थना करते, कधी राहूनही जाते. आई मात्र शेवटपर्यंत म्हणायची, "ग्वांगजूला नळाचं पाणी होतं हो."