मोजणी झालेली नाही

शहराच्या पाणीपुरवठा खात्यात चौतीस वर्षं आरेखक म्हणून काढलेल्या बाईंना निवृत्तीनंतर राक्षसांच्या राज्याचा नकाशा काढावा लागला, तो जावयापायी. जावई तसा गुणी. विमा कंपनीत चांगलं बस्तान बसलेलं असताना त्याच्या डोक्यात खेळाचं पुस्तक लिहायचं खूळ शिरलं. ते खूळ काढायची त्याच्या बायकोनं, म्हणजे बाईंच्या लेकीनं, शिकस्त केली, आणि शेवटी स्वतःच त्या पुस्तकाचं टपाल सांभाळायला बसली.

खेळ असा: पाचसहा जणांनी टेबलाभोवती बसायचं. एकानं गोष्ट सांगत जायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतले वीर, जादूगार, चोर व्हायचं, आणि कोण तरलं, कोण मेलं ते फासे टाकून ठरवायचं. पट नाही, पत्ते नाहीत, सगळा तोंडाचा कारभार. बाईंना हे कळायला पाच मिनिटं लागली.

"म्हणजे आमच्या खात्याची मासिक बैठक," त्या म्हणाल्या. "फक्त आमच्याकडे फासे नव्हते."

जावयानं तीनशे पानं लिहिली होती. सात राज्यं, एकवीस देव आणि त्या देवांची आपसातली भांडणं. जाहिरातीच्या शेवटच्या ओळीत त्यानं जाता जाता लिहून टाकलं, 'सोबत मोठा नकाशा.' झालं! दोन हजार शौकिनांनी आगाऊ नावं नोंदवली आणि त्यातल्या एकानंही सात राज्यांत घडतं काय ते विचारलं नाही. पत्रं आली ती सगळी नकाशाबद्दल. नकाशा कापडावर हवा. कापडावर मुळीच नको, इस्त्री कोण करणार? घडीचा नको, रेघ पडते. गुंडाळलेला नको, सरळ होत नाही. पुस्तकाला शिवलेला नको, फाडताना जीव जातो. सुटा नको, हरवतो. अंतर मोजायला षटकोनांची जाळी हवी. जाळी दिसली तर पुस्तक परत. एकानं कळवलं होतं की नकाशाला जुन्या कागदाचा वास आला पाहिजे. नकाशासाठी ठरवलेला चित्रकार बिचारा भला माणूस, या वासापर्यंत त्यानं तग धरला. मग मामेबहिणीच्या लग्नाला म्हणून जो गेला, ते लग्न बहुधा अजून चालू असावं.

"आई, तुम्ही काढाल?" जावयानं विचारलं.

"मी जन्मभर पाइप काढलेत. राक्षस नाही."

"राक्षस राहू द्या. डोंगर, नद्या, गावं, बस."

"पुस्तक द्या आधी."

बाईंनी तीनशेच्या तीनशे पानं हातात पेन्सिल धरून वाचली. ते पुस्तक पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचणाऱ्या त्या जगातल्या पहिल्या, आणि पुढे उघड झालं त्याप्रमाणे जवळपास एकट्याच. चौथ्या दिवशी त्यांनी जावयाला समोर बसवलं.

"ही तुमची राजधानी. वस्ती चाळीस हजार. वाळवंटाच्या मधोमध."

"हो आई. सोन्याच्या घुमटांची नगरी."

"पाणी कुठलं पितात?"

"जादूची नगरी आहे ती."

"जादूगार अंघोळ करतात की नाही?"

जावयानं बायकोकडे पाहिलं. बायकोनं खिडकीबाहेर पाहिलं. संध्याकाळपर्यंत राजधानी उचलून नदीच्या अलीकडे आणली गेली, नदीपासून तिच्यापर्यंत एक कालवा खोदला गेला, आणि अठ्ठ्याऐंशीव्या पानावर त्या कालव्याबद्दल चार ओळी वाढल्या. चौथं प्रकरण जावयाला पुन्हा लिहावं लागलं. राजधानीला वेढा घालून तहानेनं मरणारं शत्रूसैन्य आता बुडून मरू लागलं. सैन्याची काही तक्रार नव्हती. तक्रार होती जावयाची, पण सासूपुढे ती घशाच्या वर आली नाही.

उत्तरेबद्दल मात्र खरी जुंपली. पुस्तकात स्वच्छ लिहिलं होतं की उत्तरेकडे गेलेला कोणी परत आलेला नाही. तेव्हा बाईंनी नकाशाचा वरचा तिसरा हिस्सा कोरा सोडला आणि त्यावर सुबक अक्षरात लिहिलं, 'मोजणी झालेली नाही.'

"आई, टाका की काहीतरी. चार डोंगर, एखादं जंगल."

"कोणी परत आलं नाही ना? मग डोंगर मोजले कोणी?"

न पाहिलेला पाइप त्यांनी चौतीस वर्षांत कधी काढला नव्हता. तीन साहेबांनी काढायला सांगितला होता, तिघांचीही बदली झाली. जावयाला हा इतिहास ठाऊक होता. उत्तर दिशा कोरीच राहिली.

पुस्तक निघालं आणि आठ दिवसांत घरात पत्रांचे गठ्ठे पडायला लागले. लेक ती नाश्त्याच्या टेबलावर मोठ्यानं वाचायची. 'आमच्या तोंडाला कोरा कागद पुसलात.' 'घडी नेमकी राजधानीवर आली आहे, हा योगायोग नाही.' 'मी नकाशा भिंतीवर लावला, आता नदी दाराच्या मागे जाते, उपाय सांगा.' एकाला नकाशाच्या दोन प्रती हव्या होत्या, एक जपून ठेवायला आणि दुसरी त्याहून जपून ठेवायला.

लेक वैतागली. "यांना उत्तरं तरी काय द्यायची?"

"अर्ज आला की उत्तर जातं," बाई म्हणाल्या. त्यांनी कपाटातून जाड वही काढली, प्रत्येक पत्रावर आवक क्रमांक घातला आणि उत्तरं पाठवायला सुरुवात केली. 'आपल्या अर्ज क्रमांक ११७ संदर्भात कळविण्यात येते की, सदर घडी राजधानीवरून गेली असली तरी राजधानीस इजा झालेली नाही.' 'अर्ज क्रमांक १४०: दार बंद ठेवावे अथवा नदी.' शौकीन मंडळी ही उत्तरं एकमेकांना दाखवून संतापू लागली, आणि उत्तर आपल्यालाही यावं म्हणून आणखी तक्रारी करू लागली.

एक दिवस चौदा पानी पत्र आलं. लिहिणारा चष्म्याच्या दुकानाचा मालक होता. शौकिनांत त्याला सगळे कंपास म्हणत, कारण गळ्यात तो होकायंत्र घालून फिरायचा, दुकानातून घरी जातानासुद्धा, आणि घर दुकानाच्या वरच होतं. त्याच्याकडे अशा खेळांचे दोनशे बारा नकाशे नळकांड्यांत घालून ठेवलेले होते. पत्राचा मथितार्थ एवढाच की नदी पुढे जाऊन दोन फाट्यांत फुटते, निसर्गात असं होत नाही, तेव्हा कर्त्यानं रविवारी सकाळी वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये येऊन सर्वांसमोर खुलासा करावा.

जावयानं पत्र घडी करून परत पाकिटात घातलं. "मला त्या दिवशी ताप येणार आहे," तो म्हणाला.

"येऊ द्या," बाई म्हणाल्या. "नकाशा मी काढलाय. मी जाते."

हॉलमध्ये चाळीसेक माणसं होती. भिंतीवर काचेच्या चौकटीत नकाशा टांगला होता, आणि लोक त्याच्यापासून चार पावलं लांब, हात मागे बांधून उभे होते. कंपासनं काठीनं नदी दाखवली. "हा फाटा बघा. पाणी असं फुटत नसतं! हे शाळेतल्या पोरालाही कळेल."

बाई पुढे गेल्या. चष्मा पुसला, घातला. "ही रेघ सलग आहे की तुटक?"

कंपासनं नाक काचेला लावलं. "तुटक."

"सलग म्हणजे नदी. तुटक म्हणजे कालवा. खाली खुणांच्या यादीत लिहिलंय. पान अठ्ठ्याऐंशीवर सगळी माहिती आहे. वाचलंत?"

कंपास वाकून खुणांची यादी शोधू लागला. वर पंखा कुरकुरत होता.

"बरं, अठ्ठ्याऐंशी राहू दे. पुस्तक कोणी वाचलंय?"

काही जण छताकडे पाहू लागले. एक म्हणाला, "माझं अजून वेष्टनातच आहे. फोडलं की त्यातली मजा जाते."

"खेळलंय कोणी?"

दोन हात वर झाले. त्यातला एक पंखा कमी करा म्हणून वर झाला होता. दुसरा मागे खुर्च्यांच्या रांगेत बसलेल्या एका बाईचा होता. दातांच्या दवाखान्यात ती मदतनीस होती.

"आम्ही पाच जणी खेळतो," ती चाचरत म्हणाली. "दर शनिवारी. पण मी वेगळ्याच कामाला आलेय. आमचा नकाशा पार गेलाय हो. दुसरा मिळेल का?"

तिनं पिशवीतून तो काढला आणि हॉलमधून 'अरेरे' असा सूर उठला, जणू अपघात झालेलं कोणी आत आणलं होतं. घड्यांवर फाटलेला, मागून चिकटपट्टी लावलेला, डोंगरावर चहाच्या कपाचं गोल वर्तुळ. आणि वरचा कोरा भाग पेन्सिलच्या खुणांनी गच्च भरलेला. कुठे वाट, कुठे पडका पूल, एका जागी 'इथे परत येऊ नये', त्याखाली वेगळ्या अक्षरात 'आलो'.

कंपासनं डोळे मिटून घेतले. "काय दशा केलीत नकाशाची!"

आता मात्र बाईंचा पारा चढला. एरवी त्या आवाज चढवत नसत.

"माझे नकाशे खात्यातून बाहेर जायचे ना, ते फिटरच्या चिखलाच्या बोटांनी माखून परत यायचे," त्या म्हणाल्या. "ज्याच्यावर चिखल नसायचा तो मी पुन्हा तपासायला घ्यायची. म्हटलं, कोणी वापरला नाही, म्हणजे चुकला असणार. तुम्ही चाळीस जणांनी माझा नकाशा चुकीचा ठरवलात. या एकीनं तेवढा बरोबर ठरवला."

एवढं बोलून त्या मागच्या रांगेत जाऊन त्या मदतनीस बाईशेजारी बसल्या आणि पडका पूल कोणी पाडला ते विचारू लागल्या.

मंडळी वरमली असेल असं वाटत असेल, तर शौकीन नावाची जात तुम्ही पाहिलेली नाही. आठवड्याभरात बाईंचं भाषण छापून, चौकटीत घालून विकायला आलं. चहाचा डाग छापलेला नकाशा मिळेल का, अशी तेवीस पत्रं आली. आणि उत्तरेत नक्की काय आहे ते शोधून काढायला एक समिती बसली. महिन्याभरात तिचे दोन तुकडे पडले, एक सरोवरवाला, एक वाळवंटवाला. कंपास सरोवराच्या बाजूचा. चष्म्याच्या दुकानातला त्याचा भागीदार, म्हणजे त्याचा सख्खा मेहुणा, वाळवंटाच्या. दुकानात मधोमध कपाट ओढून घेतलं गेलं. गिऱ्हाईकाचे डोळे अलीकडे तपासून फ्रेम पलीकडून घ्यावी लागे. यातल्या कोणीही अजून फासे टाकलेले नव्हते.

दोन्ही गटांनी बाईंकडे न्याय मागितला. बाईंनी दोघांना एकच उत्तर धाडलं: 'जाऊन पाहावे.'

जावई मात्र हरखला. "आई, पुढच्या वेळी पुस्तकच नको. नुसता नकाशा काढू. उत्तरेचा! लोक तुटून पडतील."

"काढा. मी नाही काढणार."

"का हो?"

"तुम्ही गोष्टी लिहिता, जावईबापू. मग त्या लिहा. तुमचं सहावं प्रकरण चांगलं आहे. तो म्हातारा राजा मुलीला ओळखत नाही, ते वाचताना मला दोनदा थांबावं लागलं."

 पुस्तक निघून चार महिने झाले होते. पुस्तकातल्या एका माणसाबद्दल कोणीतरी जावयाशी पहिल्यांदाच बोलत होतं. तो उगाच पाणी प्यायला आत गेला, आणि आत गेला तो बराच वेळ बाहेर आला नाही. नकाशाचा विषय त्यानं त्यानंतर काढला नाही. पुढचं पुस्तक नुसत्या गोष्टीचं निघालं. नोंदणी झाली जेमतेम दोनशे, पण त्यातल्या एकानं म्हाताऱ्या राजाचं पुढे काय झालं ते विचारलं होतं. ते पत्र जावई खिशात घालून फिरायचा.

बाई आता दर शनिवारी दुपारी दातांच्या दवाखान्यात जातात. दवाखाना बंद असतो, बाहेरच्या खोलीतलं मासिकांचं टेबल रिकामं करून सहा जणी खेळतात. पहिल्या दिवशी खेळात त्यांनी वाट मोजून देणारीचं सोंग घेतलं होतं. प्रत्येक पावलाला त्या अंतर विचारत. बाकीच्या पाच जणी दमून गेल्या. तिसऱ्या शनिवारी एका दरडीवरून खाली जायचं की वळसा घालायचा यावर मत घेतलं. बाई वळशाच्या बाजूनं. गोष्ट सांगणारी सोडून चार विरुद्ध एक. खाली काहीतरी झोपलं होतं, ते उठलं.

घरी आल्या तेव्हा लेक कपड्यांच्या घड्या घालत होती.

"मेले मी आज," बाई चप्पल काढत म्हणाल्या.

लेकीच्या हातातली चादर खाली पडली. "आई! काय बोलतेस?"

"अगं, खेळात. माझंच बरोबर होतं, पण कोणी ऐकेल तर." त्या खुर्चीत बसल्या, आणि लेकीला आईच्या चेहऱ्यावर असं हसू पाहिल्याचं आठवेना. "पुढच्या शनिवारपर्यंत नवीन कोणीतरी व्हायचंय. या वेळी चोर होईन म्हणते."