बंद पडलेलं अंडं

घड्याळजींच्या बायकोला कुठलंही दुखणं विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं असे, "काही नाही." आणि घड्याळजी इतके आज्ञाधारक की ते ऐकलं रे ऐकलं की डोळ्याला भिंग लावून पुन्हा कामाला लागत. गल्लीतल्या लोकांची बंद पडलेली घड्याळं त्यांनी जन्मभर चालू केली. घरातलं माणूस सुकत चाललंय हे मात्र शेजारणीने सांगितल्यावर त्यांना कळलं, आणि तोवर डॉक्टरांच्याही हातात काही उरलं नव्हतं.

आई गेल्यावर लेक बाहेरगावची नोकरी सोडून घरी आली आणि औषधांच्या दुकानात लागली. बापाशी भांडली असती तर बरं झालं असतं. ती भांडली नाही. "जेवण झाकून ठेवलंय," "दार लावून घ्या," एवढ्यावर तिचं बोलणं आटोपायचं. घड्याळजींनाही गोड बोलून कुणाला आपलंसं करायची कला कधी साधली नव्हती.

मागच्या अंगणात आईच्या तीन ठिपकेदार कोंबड्या आणि एक तोऱ्यातला कोंबडा होता. एका सकाळी कुत्र्याने कोंबडा मारला. लेक पिसं गोळा करत अंगणातच बसून राहिली. आई गेली तेव्हा न रडलेली पोरगी त्या दिवशी ढसाढसा रडली.

पलीकडच्या घरातली मावशी पिल्लं उबवण्याच्या केंद्रात कामाला होती. ती म्हणाली, "रडतेस काय? कोंबडा गेला तरी आणखी काही दिवस यांच्या अंड्यांत जीव धरतो. गोळा करा आणि उबवा."

एकही कोंबडी खुडूक होऊन अंड्यांवर बसायला तयार नव्हती. मग घड्याळजींनी थर्माकोलच्या खोक्यात बल्ब, पाण्याची वाटी आणि थर्मामीटर बसवून उबवणी तयार केली. काम नेटकं झालं होतं. लेकीने वाकून पाहिलं आणि कितीतरी दिवसांनी स्वतःहून बोलली, "छान झालंय." त्या दोन शब्दांवर घड्याळजींनी पुढचा आठवडा काढला.

आठवड्याने मावशी अंडी तपासायला आली. कोठीच्या खिडकीला घोंगडी लावून अंधार केला. पत्र्याच्या डब्याला भोक पाडून आत बॅटरी ठेवली, आणि त्या भोकावर एकेक अंडं रुंद बाजूने टेकवत गेली. पहिलं नुसतं पिवळं उजळलं. "रिकामं." दुसरं तसंच. तिसऱ्यात लाल कडं दिसलं. "जीव धरला होता, पण गेला." असं करता करता शेवटचं अंडं उरलं. त्यात एक काळा ठिपका होता आणि त्याच्याभोवती लाल शिरांचं जाळं. ठिपका हलला.

लेकीने बापाचा दंड धरला. "बाबा, हललं!"

"आता हे सारखं उघडून बघत बसू नका," मावशीने बजावलं. "पुन्हा एकदाच बघायचं, शेवटी शेवटी. मी येईन तेव्हा."

घड्याळजी हसले. घड्याळ चालतंय का हे पाहायला घरी मागचं झाकण उघडणाऱ्या गिऱ्हाइकांची ते हेच सांगून खरडपट्टी काढत. त्यांना काय शिकवायचं!

पण त्या दिवसापासून लेक दुकानातून आली की चप्पल काढता काढता विचारू लागली, "कसं आहे ते?" त्यावरून बोलणं दुकानातल्या गिऱ्हाइकांवर जाई, तिथून आईच्या एखाद्या आठवणीवर. एकदा तर ती हसलीसुद्धा. आता या प्रश्नाला नुसतं "बरं आहे" असं कसं सांगायचं? खात्री नको? लेक कामावर गेली की घड्याळजी कोठीत शिरत, घोंगडी नीट करत आणि अंडं डब्यावर धरत. आधी दिवसाआड, मग रोज. बायकोकडे कधी एवढं निरखून पाहिलं नाही, हे त्यांच्या मनात येई. आलं की ते आणखी थोडा वेळ पाहत बसत.

एका दुपारी आतलं काही हललं नाही.

ते थांबले. अंडं फिरवलं. शिरा होत्या, काळी सावली होती, हालचाल नव्हती. पिल्लू झोपलं असेल हे कुणालाही सुचलं असतं. घड्याळजींना सुचलं नाही. काय करतोय हे कळायच्या आत त्यांच्या मनगटाने अंड्याला एक हिसडा दिला. बंद पडलेल्या घड्याळाला देतात तसा, बारीकसा. आणि मग सवयीने त्यांनी ते कानाला लावलं.

संध्याकाळी लेकीने विचारलं, "कसं आहे ते?"

"बरं आहे," घड्याळजी म्हणाले.

पुढे ते रोज तेच सांगत राहिले. अंडं डब्यावर धरायची त्यांची हिंमत झाली नाही. फक्त वेळच्या वेळी ते अंडं फिरवत, वाटीत पाणी घालत. लेकीने पिल्लासाठी खोकं आणलं, तळाला मऊ फडकं अंथरलं. ते फडकं आईच्या जुन्या साडीचं होतं.

मावशी ठरल्याप्रमाणे आली. कोठीत तिघं उभे राहिले. डब्यावरचं अंडं गढूळ दिसलं, शिरा कुठे नव्हत्या. मावशीने ते जरासं कलतं केलं, तर आतली सावली पाण्यासारखी वाहून एका बाजूला गेली.

"गेलंय," ती म्हणाली. "बरेच दिवस झालेत."

लेकीने अंड्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "मावशी, असं होतं ना कधी कधी? आपोआप?"

मावशीने घड्याळजींकडे पाहिलं. "होतं," ती म्हणाली.

घड्याळजींची सुटका झाली होती. मान डोलावली असती तरी भागलं असतं. "आपोआप नाही," ते म्हणाले. "मी रोज बघत होतो. एक दिवस हललं नाही म्हणून हिसडा दिला. ते गेलं असणार हे मला माहीत होतं. तुला सांगवलं नाही."

"रोज बघत होतात?"

"हो."

"आईला एकदा तरी बघायचं होतंत," लेक म्हणाली. तिने बल्बचं बटण बंद केलं, घोंगडी काढली आणि ती बाहेर गेली. कोठीत एकदम लख्ख उजेड झाला.

दुसऱ्या संध्याकाळी ती आली, चप्पल काढली आणि काही न विचारता आपल्या खोलीकडे निघाली. घड्याळजी भिंग लावून बसले होते, पण समोर घड्याळ नव्हतं. तिचे डोळे सुजले होते. आजच सुजले होते की रोजच असायचे, हे त्यांना सांगता आलं नसतं. आजवर रोज तिनेच विचारलं होतं आणि त्यांनी सांगितलं होतं.

"काय झालं गं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," लेक म्हणाली. सूर थेट आईचा. मागे दार लागलं.

घड्याळजींनी भिंग काढून टेबलावर ठेवलं. दारापाशी जाऊन ते बराच वेळ उभे राहिले. ठोठावायला हात वर केला आणि आपल्याच मनगटाची त्यांना भीती वाटली. मग बोटाच्या एका पेराने, अगदी हलके, त्यांनी दार वाजवलं.