खंडेनवमीची वायर

खंडेनवमी आली की आमच्या अनंतकाकांचा उत्साह नुसता ओसंडून वाहतो. शंकर नगरच्या एका खासगी रुग्णालयात आम्ही दोघं कॉम्प्युटरचं काम बघतो. तिथे त्या दिवशी काका स्क्रू-ड्रायव्हरपासून प्रिंटरपर्यंत सगळ्यांची पूजा करतात. माझी काही हरकत नसते. पण यंदा त्यांनी सर्व्हर रूममधल्या स्टोरेजलाही झेंडूची माळ घातली, हळदकुंकू वाहिलं, खोलीला कुलूप ठोकलं आणि किल्ली खिशात टाकली. "आता उद्या उत्तरपूजा होईपर्यंत कोणी हात नाही लावायचा," म्हणाले.

या स्टोरेजमध्ये रुग्णालयातले सगळे स्कॅन असतात. डॉक्टर पडद्यावर जे बघतात ते तिथूनच येतं. त्याच्यापर्यंत दोन वायरी जातात. एक गेली तर दुसरी काम सांभाळते. दोन्हींची तब्येत माझ्या मोबाइलवर दिसते आणि काही बिघडलं की मोबाइल कोकलतो. मी मुळातच काळजीखोर, त्यात नोकरी ही असली.

दुपारी तेलीबांध्याला घरी पानावर बसले आणि मोबाइल कोकलला. दोन नंबरची वायर बंद पडली होती. काका रुग्णालयातच होते, मी तडक त्यांना फोन लावला.

"एक तर चालू आहे न?" काकांनी विचारलं.

"आहे."

"पेशंटचं काही अडलं काय?"

"नाही, पण..."

"मंग काहून माझा जीव खाऊन राहिली? जेव निवांत."

निवांत म्हणे! आता एक नंबरच्या वायरीवरही चुका दिसायला लागल्या होत्या. पाठवलेलं नीट पोचत नव्हतं, पुन्हा पुन्हा पाठवावं लागत होतं, आणि चुकांचा आकडा बघता बघता वाढत होता. त्याच वेळी थिएटरात गुलाबरावांच्या मेंदूतली गाठ काढणं चालू होतं. ते बीरगांवच्या कारखान्यातले फिटर. सकाळी त्यांच्या बायकोने, शारदाबाईंनी, मला डॉक्टर समजून माझा हात घट्ट धरला होता. सर्जन पडद्यावरचा स्कॅन बघत बघत गाठ कापणार. ऐन वेळी पडदा काळा झाला तर?

ताट तसंच टाकून मी स्कूटी काढली. वाटेतल्या तलावाजवळ नवमीची ही गर्दी, मुंगी शिरायला जागा नाही. तिथूनच पुन्हा फोन लावला.

"काका, कुलूप उघडा. दोन नंबरची वायर बघा."

"पूजेत ठेवलेल्या वस्तूले हात लावू? माझ्या बापानं कधी लावला नाही, मी नाही लावला."

माझं डोकंच फिरलं. मागचा गाडीवाला हॉर्नवर हॉर्न देत होता आणि मला एकदम सकाळचं आठवलं. माळ अडकवायला काही सापडेना, तेव्हा काकांनी तिचा दोरा एका वायरीलाच बांधला होता.

"काका, ती वायर तुमच्या माळेनंच ओढली! दोरा कुठं बांधला आठवा जरा. एक नंबर आता जाईल. गुलाबरावले काही झालं तर उद्या कसली उत्तरपूजा करता?"

बोलून गेले आणि जीभ चावली. वडिलांच्या वयाचा माणूस. पलीकडून चपलांचा आवाज आला, किल्लीचा आला, चपला काढल्याचाही आला. "माफ कर रे बाबा," काका पुटपुटले. ते मला नव्हतं, यंत्राला होतं. "हव, सैल आहे. दाबून धरतो."

माझ्या मोबाइलवर दोन नंबर हिरवा झाला. थोड्याच वेळात एक नंबरने कायमचा राम म्हटला. ती वायर ज्यात खोचतात ते कार्डच जळलं होतं. थिएटरात कोणाला पत्ताही लागला नाही.

मी पोचले तेव्हा काका रॅकपाशी अनवाणी उभे होते. माळ जमिनीवर, हात आत. वायरीच्या टोकाची प्लास्टिकची खिट्टी तुटली होती. बोट काढलं की वायर निसटत होती.

"व्हा बाजूले, मी चिकटपट्टी लावते."

"लावता लावता हालली तं?"

"मग नवी वायर..."

"नवी लावाले ही काढा लागंल न? नाही. आधी ऑपरेशन होऊ दे."

दुपारी मला निवांत जेवायला सांगणारा हाच तो माणूस! मला हसूही येईना, रागही येईना. स्टूल सरकवलं तर बसेनात, बसलो तर हात हलेल म्हणे. त्या थंडगार खोलीत त्यांचा सदरा घामाने पाठीला चिकटला होता. मी नवी वायर घेऊन शेजारी उभी राहिले. उन्हं उतरली तरी आम्ही तसेच.

शेवटी थिएटरातल्या नीलिमा सिस्टरांचा निरोप आला. गाठ निघाली, गुलाबराव शुद्धीवर आले, बायकोला ओळखलं.

"काका, झालं. सोडा आता."

"नक्की न? एक डाव अजून विचारून ये."

मी पुन्हा विचारून आले. तरी हात सुटेना. बोटं आखडून गेली होती. मी ती एकेक करून सोडवली, आणि काका मान खाली घालून ढसाढसा रडायला लागले.