वाफ्यांमधली वाट

बारा वर्षं! बारा वर्षं संशोधन केंद्रातल्या बाई चाऱ्याच्या गवतामागे हात धुऊन लागल्या होत्या. चिमट्यानं एका तुऱ्यातले पुंकेसर काढायचे, दुसऱ्याचा पराग शिंपडायचा, वर कागदी पिशवी चढवायची. अशा संकरातून साठ वाफ्यांत साठ जातींची गवतं उभी राहिली, सगळी कमरेएवढी. पट्टी लावून मोजावीत आणि फोटो काढावेत!

पण गवत काही फोटोसाठी नसतं, गाईसाठी असतं. शेवटी केंद्राच्या साहेबांनी फर्मान काढलं: गाई सोडा, चरू द्या. तीन आठवड्यांत जे पुन्हा फुटेल ते ठेवू. नाहीतर सगळ्यावर नांगर.

गाईंनी चार दिवसांत रान फस्त केलं. मग बाई रोज सकाळी गुडघे टेकून एकेक वाफा न्याहाळायच्या आणि संध्याकाळी विजारीवरचे हिरवे डाग घासत बसायच्या. वाफे मात्र पिवळे ते पिवळेच. नुसतं उंच व्हायला शिकवलेलं गवत ते. शेंडा खुडला की बसलं डोकं धरून!

शेवटच्या दिवशी पुन्हा गाई सोडल्या. बाई फाटकाशी उभ्या होत्या. शेजारी गवत कापायचं यंत्र चालवणारे मामा.

"संपलं, मामा. उद्या नांगर."

"रडायचं ते नंतर रडा हो. आधी गाई बघा. वाफ्यात एक तरी आहे का?"

नव्हती. सगळ्या गाई वाफ्यांमधल्या चालायच्या वाटांवर ओळीनं उभ्या होत्या आणि मान वर न करता करकर चरत होत्या.

बाई धावल्या. एका गाईला ढकलून त्यांनी खाली हात घातला. बोटभर उंच, गच्च, ओलं, हिरवंगार गवत! महिन्याभरापूर्वी हेही गाईंनी मुळापर्यंत खाल्लं होतं. बाईंनी आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं. रोज ह्याच्यावरच तर त्या टेकत होत्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

"हे कुणी पेरलं?"

"कोण पेरतंय! तुमच्याच वाफ्यांतलं बी सांडतं. मी दर मंगळवारी सपाट करतो, शुक्रवारी मेलं परत हजर. बारा वर्षं शिव्या घालतोय त्याला."

बाईंच्या अंगावर सरसरून काटा आला. दर आठवड्याला यंत्राचं पातं फिरत होतं. जे उंच गेलं ते मेलं. जे मान खाली घालून, पात्याच्या खालीच तुरा धरून बी टाकत राहिलं, ते जगलं. सहाशे वेळा कापलं गेलं आणि सहाशे वेळा उठलं. आणि होतं त्यांच्याच गवताचं लेकरू!

तेवढ्यात साहेब वही घेऊन आले. हिरव्या वाटा पाहून जागीच थबकले. मग चकचकीत बुटांसकट खाली बसले आणि गवतावरून हळूच हात फिरवला.

"नांगर राहू द्या," ते म्हणाले. "ही जात तयार कुणी केली? नाव लिहायचंय."

बाईंनी मामांकडे बोट दाखवलं.

"मी?" मामा दोन पावलं मागे सरले. "अहो, मी तर बारा वर्षं त्याच्या जिवावर उठलोय!"

"म्हणून तर," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "लिहा साहेब, ह्यांचंच नाव लिहा."